ट्रेडवर बोलण्याआधी जागा मोजा : बेसबॉलच्या हंगामपूर्व वादात उतरणाऱ्या नवख्यांसाठी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानाबाहेर, फेनवे पार्कबाहेर, एक लांबलचक ट्रक उभा राहतो. त्यात वीस हजारांवर चेंडू, हजारभर बॅटी, च्युइंगगमची आणि सूर्यफुलाच्या बियांची खोकी भरतात आणि ट्रक संघाच्या हंगामपूर्व सरावशिबिरासाठी फ्लॉरिडातल्या फोर्ट मायर्सला निघतो. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि अशा गारठ्यात माणसं त्या ट्रकला हात करायला येतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, यांना कामधंदा नाही का. आता मीसुद्धा त्या दिवसाची वाट बघतो, कारण नोव्हेंबरपासून धुमसत असलेला वाद त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने पेटतो : कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं, बदल्यात कोणाला आणायचं.

त्या वादात मी पहिल्यांदा तोंड घातलं ते ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. ‘तो महागडा आउटफिल्डर देऊन टाका आणि त्यांची चार तरुण पोरं घ्या,’ असं मी मोठ्या ऐटीत म्हणालो. समोर बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याने सँडविचवरून नजरही न उचलता विचारलं, ‘आणि चाळीसातून कोणते तीन काढणार?’ चाळीस म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. मी मुकाट्याने डबा बंद केला.

पुढचं शिक्षण माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याकडे झालं. तो इथेच वाढलेला, लिटल लीगमध्ये दुसऱ्या बेसवर खेळणारा. त्याने वहीचं पान फाडलं, त्यावर चौकोन आखले आणि म्हणाला, ‘मामा, आधी खुर्च्या मोज. माणसं नंतर.’ या लेखात मी मुख्यतः तेच सांगणार आहे.

पहिली पायरी : कागद घ्या आणि २६ चौकोन आखा

मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सर्वांत वरची स्पर्धा. तिच्या प्रत्येक संघाला हंगामात २६ खेळाडू हाताशी ठेवता येतात. २०१९ पर्यंत हा आकडा २५ होता. या २६ पैकी जास्तीत जास्त १३ पिचर (चेंडू फेकणारे), आणि बहुतेक संघ तेवढे ठेवतातच : सामना सुरू करणारे पाच, मागून येणारे (रिलीव्हर) आठ. उरले तेरा फलंदाज. त्यातले नऊ रोजचे (आठ मैदानावरचे आणि नववा फक्त बॅटिंग करणारा, ज्याला डीएच म्हणतात). म्हणजे बाकावर चार. त्या चारांत एक राखीव कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) हवाच, कारण कॅचर जखमी झाला तर तिथे कोणालाही उभं करता येत नाही. एक जण शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे) उभा राहू शकणारा हवा, एक सेंटरफिल्ड सांभाळणारा. मग खरोखर मोकळी खुर्ची उरली किती? एक.

आता तुमच्या संघातल्या पक्क्या माणसांची नावं भरा. वीस-एकवीस चौकोन पाच मिनिटांत भरतील. फेब्रुवारी-मार्चचा सगळा गदारोळ चालतो तो उरलेल्या पाच-सहा चौकोनांसाठी : पाचवा पिचर, सातवा-आठवा रिलीव्हर, बाकावरचा शेवटचा. हे कळलं की अर्ध्या चर्चा ऐकताना हसू येतं, कारण लोक तीन जागांसाठी नऊ माणसं सुचवत असतात.

या २६ च्या भोवती ४० चं मोठं वर्तुळ आहे : मेजर लीगसाठी संघाने राखून ठेवलेल्या खेळाडूंची यादी. बाहेरून कोणीही २६ मध्ये यायचा तर आधी त्याला ४० मध्ये जागा लागते. आणि चाळीस भरलेले असले, जे वसंतात, म्हणजे शिबिराच्या दिवसांत, बहुधा असतातच, तर कोणाला तरी उठवावं लागतं. उठवण्याच्या रीतीला ‘डीएफए’ म्हणतात. त्या खेळाडूला काही दिवसांत ट्रेड करायचं, सोडून द्यायचं किंवा ‘वेव्हर्स’वर ठेवायचं, म्हणजे इतर संघांना विचारायचं की कोणाला हवा असेल तर घेऊन जा. एक पळवाटही आहे : दीर्घ दुखापतीच्या, साठ दिवसांच्या यादीत गेलेला माणूस चाळीसात मोजला जात नाही. म्हणून ‘अमुक पिचर साठ दिवसांच्या यादीत’ अशी कोरडी ओळ आली की समजावं, एक खुर्ची रिकामी झाली आणि आजच कोणाचं तरी नाव येणार.

शिबिरात आणखी वीस-पंचवीस जण दिसतील, ज्यांच्या पाठीवर सत्तर-ऐंशीच्या पुढचे आकडे असतात. ते चाळीसाबाहेरचे पाहुणे. त्यांच्यातला एखादा तुमचा लाडका झाला, तर तो आत येईल तेव्हा बाहेर कोण जाईल, हे त्याच दमात सांगायची सवय लावून घ्या.

दुसरी पायरी : कोणाला खाली पाठवता येतं ते बघा

चांगला खेळलेला तरुण पोरगा मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या स्पर्धांत) परत आणि मार्चभर चाचपडलेला तिशीचा गडी संघात, हे पाहून प्रत्येक नवखा चिडतो. मीही चिडलो होतो. कारण एकच : ऑप्शन.

चाळीसातल्या खेळाडूला संघ साधारण तीन हंगाम, कोणाला न विचारता, खाली पाठवू शकतो आणि परत बोलावू शकतो. एका हंगामात वीस दिवसांहून कमी काळ खाली राहिला तर ते वर्ष मोजत नाहीत. तीन वर्षं संपली की त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं, आणि तिथून कोणीही त्याला फुकटात उचलू शकतं. आता व्यवस्थापकाच्या जागी बसा. तरुण पोराला खाली पाठवलं तर दोघेही तुमच्याकडे राहतात. त्याला वर ठेवलं तर तिशीचा गडी हातचा जातो, आणि जूनमध्ये कोणाचा खांदा दुखला की बोलवायला कोणी नाही. मार्चअखेरीस बहुतेक निर्णय असे होतात. ‘दोघांत बरा कोण’ हा प्रश्न त्यात दुसऱ्या क्रमांकावर असतो.

म्हणून कागदावरच्या प्रत्येक संशयित नावापुढे त्याचे किती ऑप्शन उरलेत तो आकडा लिहा. शून्य असेल तर वर्तुळ करा. भाचा त्याला लाल पेन वापरतो.

याच्या नेमकी उलट गंमत ‘रूल फाइव्ह’ची. संघाने बरीच वर्षं मायनरमध्ये ठेवलेला पण चाळीसात न घेतलेला खेळाडू डिसेंबरमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो. अट अशी की त्याला पूर्ण हंगाम २६ मध्ये ठेवायचं, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करायचं. १९५४ मध्ये पिट्सबर्गने रॉबर्टो क्लेमेंटेला ब्रुकलिनच्या हातून असंच काढून घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये बोस्टनने गॅरेट व्हिटलॉकला जुन्या वैरी न्यू यॉर्क यांकीजकडून उचललं आणि पुढच्या हंगामात तो आमचा सर्वांत भरवशाचा रिलीव्हर ठरला. यांकीजच्या माणसासमोर हे नाव काढताना होणारा आनंद लपवता येत नाही.

तिसरी पायरी : घड्याळ वाचायला शिका

हंगाम सुमारे १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस मेजर लीगमध्ये काढले की सेवेचं एक वर्ष भरलं असं धरतात. साधारण तीन वर्षांनंतर खेळाडू पगारासाठी लवादाकडे जाऊ शकतो, सहा वर्षं भरली की मोकळा, हव्या त्या संघाकडे जायला. तोपर्यंत तो संघाच्या ताब्यात आणि पहिली काही वर्षं तर जवळजवळ किमान पगारावर (२०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता).

मग हिशेबी माणसाच्या डोक्यात काय येईल? पोराला पहिले दोन-तीन आठवडे खालीच ठेवा, १७२ भरू देऊ नका, आणि सातवं वर्ष पदरात पाडून घ्या. २०१५ च्या वसंतात शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने नऊ होम रन मारले, तरी त्याला खाली पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. हंगामअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी! तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू), आणि कब्जनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. त्याने तक्रार दाखल केली होती. २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

आमच्याकडचं उदाहरण याहून शिकवणारं आहे. २०१३ च्या वसंतात जॅकी ब्रॅडली ज्युनियरने .४१९ च्या सरासरीने (म्हणजे दहा संधींत चाराहून जास्त हिट) फटकेबाजी केली. डेव्हिड ऑर्टिझची टाच दुखावलेली, त्यामुळे एक खुर्ची मोकळी होती. वाद पेटला : दहा-बारा दिवस थांबा, एक अख्खं वर्ष वाचेल, छे, संघ जिंकायला खेळतो की हिशेब लिहायला? ब्रॅडलीला घेतलं. पहिल्याच दिवशी यांकी स्टेडियमवर त्याने तीन वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) काढले आणि त्याला घ्या म्हणणाऱ्यांची छाती फुगली. पुढच्या अडीच आठवड्यांत, वॉक न धरता, ३१ वेळा बॅट घेऊन उतरला त्यात तीन हिट, म्हणजे .०९७. एप्रिलच्या मध्यानंतर तो खाली गेला, ऑर्टिझ परतला, आणि घड्याळाचा प्रश्न आपोआप सुटला. त्या वर्षी बोस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. ब्रॅडलीचा मोबदला आम्हाला पुढे वेगळ्या वर्षांत मिळाला. दोन्ही बाजूंनी घसा कोरडा केलेल्यांपैकी कोणाचंच बरोबर आलं नाही.

२०२२ च्या करारापासून नियम थोडा बदललाय. नावाजलेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून वर ठेवलं आणि त्याने नवोदिताचा पुरस्कार मिळवला, तर संघाला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळते. सिएटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे ती मिळाली. तेव्हा ‘मालक कंजूष आहेत’ हे वाक्य तोंडात आलं तरी आधी तो पोरगा या योजनेत बसतो का ते बघा.

चौथी पायरी : ट्रेड तोलताना चार गोष्टी एका ओळीत लिहा

खेळाडू किती चांगला, किती वर्षं ताब्यात, पगार किती, आणि तो गेल्यावर त्याच्या खुर्चीत कोण. नवखे पहिल्या गोष्टीवर थांबतात.

पहिल्यासाठी ‘वॉर’ नावाचा आकडा सगळे फेकतात. ढोबळ अर्थ : मायनरमधून सहज मिळणाऱ्या माणसापेक्षा याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले. शून्य म्हणजे तो सहज मिळणारा, दोन म्हणजे नेहमीचा बरा खेळाडू, पाचाच्या वर ऑल-स्टार. वेगवेगळे हिशेबनीस तो वेगवेगळा काढतात, त्यामुळे दशांशावरून भांडू नका.

आता मूकी बेट्सचा ट्रेड, फेब्रुवारी २०२०. इथल्या कोणत्याही रेड सॉक्सवाल्याची जखम उघडायची असेल तर एवढं नाव पुरतं. २०१८ चा एमव्हीपी, त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज. पण कराराचं एकच वर्ष शिल्लक, पगार २ कोटी ७० लाख डॉलर, आणि बोस्टन सलग दोन वर्षं एकूण पगाराच्या मर्यादेच्या वर गेल्याने दंडासारखा कर भरत होतं. त्या वर्षीची मर्यादा २० कोटी ८० लाख होती आणि मालकांना तिच्याखाली यायचं होतं. पहिला सौदा तीन संघांचा ठरला, मिनेसोटाचा तरुण पिचर ब्रुस्डार ग्रॅटरॉल बोस्टनला येणार होता. त्याचे वैद्यकीय कागद पाहून बोस्टन अडलं आणि सौदा विस्कटला. शेवटी बेट्स आणि त्याच्यासोबत महागडा पिचर डेव्हिड प्राइस लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले, प्राइसचा अर्धा पगार बोस्टननेच उचलला. बदल्यात आले अ‍ॅलेक्स वर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

तेव्हा ट्रेडच्या बाजूचे म्हणत, तो तसाही वर्षभरात जाणार, काहीतरी तर हाती लागलं. जुलैमध्ये बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाखांचा करार केला. डॉजर्सनी २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. डाउन्स २०२२ च्या अखेरीस वेव्हर्सवरून गेला, वर्डुगो पुढच्या वर्षी चक्क यांकीजकडे. माझं मत विचाराल तर तो ट्रेड नव्हता, ती ताळेबंदाची सफाई होती, आणि ती तशी आहे हे त्या दिवशीही दिसत होतं. प्राइसचं नाव सौद्यात का आहे, एवढंच विचारायचं होतं.

पण प्रत्येक सौद्यात कोणीतरी लुटलाच जातो असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये हुआन सोटो सॅन डिएगोकडून यांकीजकडे गेला, तोही एका वर्षासाठीच. त्याने ४१ होम रन मारले, क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या इनिंगमधल्या फटक्याने संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. बदल्यात सॅन डिएगोला मायकल किंग मिळाला. यांकीजकडे मुख्यतः मागून येणारा पिचर होता, तिथे सुरुवात करणारा म्हणून चमकला. शिवाय आलेल्यांतला ड्रू थॉर्प त्यांनी मार्चमध्येच पुढे देऊन डिलन सीझ आणला. हिशेब लावायचा तर ही साखळी अशी शेवटपर्यंत ओढावी लागते.

आणि खुर्चीचा मुद्दा विसरला तर काय होतं? ऑगस्ट १९९०. बोस्टनला हंगामाच्या शेवटच्या महिन्यासाठी रिलीव्हर हवा होता. लॅरी अँडरसन आला, खरंच छान खेळला, गटविजेतेपद मिळालं आणि ओकलंडने चार सामन्यांत घरी पाठवलं. बदल्यात ह्यूस्टनला दिला तो मायनर लीगमधला एक तिसऱ्या बेसचा पोरगा. तिसऱ्या बेसवर आमच्याकडे वेड बॉग्स होता, मग याला जागा कुठे? ह्यूस्टनने त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. त्याचं नाव जेफ बॅगवेल. ४४९ होम रन, हॉल ऑफ फेम.

पाचवी पायरी : जे होऊच शकत नाही ते सुचवू नका

बास्केटबॉलकडून आलेले लोक ‘पुढच्या वर्षीचे दोन पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक द्या’ म्हणतात. बेसबॉलमध्ये ड्राफ्टमधली निवड देता येत नाही, एक छोटा खास प्रकार सोडून. काही खेळाडूंच्या करारातच ‘मला विचारल्याशिवाय देऊ नका’ अशी अट असते. शिवाय दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला माणूस कोणताही ट्रेड नाकारू शकतो. बाकीच्यांना विचारत नाहीत. आपल्याकडे आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली, पण निदान तो स्वतः राजी होता. इथे सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी विमान.

कर्ट फ्लडने १९६९ मध्ये सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, मी विकायची वस्तू नाही म्हणाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. आज जी थोडीफार नकाराची सोय आहे, तिच्या मुळाशी त्याचं भांडण आहे. हे लक्षात ठेवलं की खेळाडूंना पत्त्यांसारखं पिसताना जीभ जरा जपून चालते.

‘नंतर नाव ठरवायचा खेळाडू’ हा सौद्यातला नेहमीचा शब्दप्रयोग दिसेल. १९६२ मध्ये हॅरी चिटी नावाचा कॅचर क्लीव्हलँडने न्यू यॉर्क मेट्सला अशाच बोलीवर दिला. काही आठवड्यांनी मेट्सनी तो ‘नंतरचा खेळाडू’ पाठवला : हॅरी चिटी. स्वतःच्याच बदल्यात गेलेला माणूस.

सहावी पायरी : मार्चचे आकडे बाजूला ठेवा, पण डोळे उघडे ठेवा

अर्धे संघ अ‍ॅरिझोनात, अर्धे फ्लॉरिडात. सहाव्या इनिंगनंतर मैदानावर बहुतांश मायनरचीच पोरं असतात. अनुभवी पिचर नवा चेंडू शिकत असतो, मार खाल्ला तरी त्याला फिकीर नसते. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो. ब्रॅडलीचे .४१९ आठवा.

मग बघायचं काय? पिचरच्या चेंडूचा वेग गेल्या वर्षीइतका आहे का. कोणाचं कोपर धरून बसलेलं छायाचित्र आलंय का. आणि माणसाला कुठे उभं करतायत. हे शेवटचं फार महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टनने अ‍ॅलेक्स ब्रेगमन आणला, तोही तिसऱ्या बेसवाला. तिथे आधीच राफाएल डेव्हर्स होता, ३१ कोटी डॉलरच्या वर करार असलेला. फोर्ट मायर्समध्ये त्याने पत्रकारांना सरळ सांगितलं की तिसरा बेस माझी जागा आहे. एका चौकोनात दोन नावं. लोक तेव्हा म्हणाले, निघेल तोडगा. डेव्हर्स डीएच झाला, मे महिन्यात पहिल्या बेसवाला जखमी झाल्यावर तिथे उभं राहायला तयार झाला नाही, आणि जूनच्या मध्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. मार्चमधला त्याचा एकही फटका लक्षात ठेवायची गरज नव्हती. तेवढं वाक्य पुरेसं होतं.

सातवी पायरी : वाद घालताना

ट्रेड सुचवण्याआधी डोक्यावरची टोपी बदलून बघा. समोरच्या संघाचे चाहते म्हणून तुम्ही तो घेतला असता का? ‘आमची तीन न चालणारी पोरं आणि त्यांचा हिरा’ हा प्रस्ताव दर वसंतात प्रत्येक शहरातून निघतो.

बातमीतले शब्द नीट वाचा. ‘बोलणी चालू आहेत’ याचा अर्थ कोणीतरी फोन उचलला. ‘करार ठरला, तपासणी बाकी’ यालाही लगेच नाचू नका. कार्लोस कोरेआ डिसेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा झाला होता, ३५ कोटींना. तपासणीत अडकला. मग मेट्सचा झाला, ३१ कोटी ५० लाखांना. पुन्हा अडकला. जानेवारीत २० कोटींना तो मिनेसोटाला परतला, जिथून निघाला होता तिथेच. मधल्या काळात ज्यांनी त्याच्या नावाचे शर्ट मागवले त्यांचं काय झालं कोण जाणे.

आणि भाकीत केलंत तर तारखेसह कागदावर लिहा. मी फ्रिजवर चिकटवतो. बायको म्हणते, ‘दुधाचा हिशेब लावायला जागा ठेव.’

हंगाम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारपर्यंत २६ ची यादी बाहेर येते. तुमचा कागद तिच्याशेजारी धरा. गेल्या वेळी माझी २४ नावं जुळली आणि मी भाच्याला फोन केला. ‘मामा,’ तो म्हणाला, ‘एकवीस तर आजीलाही माहीत होती.’ म्हणजे पाचातली तीन. त्या पाच चौकोनांत पेन्सिलच वापरा, एप्रिल संपायच्या आत खोडरबर लागतं.